एडिसनमध्ये अपार्टमेंट भाड्याने घेतोय: रेंटर्स इन्शुरन्समध्ये नक्की काय बघायचं?

नवं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून एडिसन, न्यू जर्सी इथे टू बेडरूम अपार्टमेंट घेतोय, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही नवरा-बायको दोघंच आहोत. लीझमध्ये अट आहे की भाडेकरूने किमान १ लाख डॉलर लायबिलिटी (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) असलेला रेंटर्स इन्शुरन्स घ्यावा आणि चावी घेण्याआधी पुरावा द्यावा. लीझिंग ऑफिस म्हणतं, बाहेरून घ्यायचा नसेल तर आमचा प्लॅन भाड्यात जोडून देतो, महिना १४ डॉलर. ऑनलाइन कोट काढले तर एका कंपनीचा महिना ११ आणि दुसरीचा २३ आला. शब्द मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच.

विचारायचं ते असं. ऑफिसचा प्लॅन घेतला तर काय बिघडतं? ११ आणि २३ मध्ये फरक कशाचा? लग्नातलं सोनं आणि देवघरातली चांदी यात येते का? डिसेंबरात पाच आठवडे भारतात जाणार आहोत, तेव्हा घर बंद राहील, चालतं का? आणि उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचं काय?

---

कलमवाचक

आधी त्या १४ डॉलरचं बोलू, कारण घाईत चूक तिथेच होते. कॉम्प्लेक्सचे असे प्लॅन बहुतेक वेळा मालकाच्या नावावरच्या एका मोठ्या पॉलिसीचा भाग असतात. तुमच्या हातून इमारतीचं नुकसान झालं तर मालकाला पैसे मिळावेत, एवढंच त्यांचं काम. तुमचे कपडे, सोफा, लॅपटॉप जळाले तर त्यातून काही येत नाही, आलंच तर नाममात्र. हॉटेलचा खर्च मिळत नाही. पाहुणा पडला आणि त्याने दावा लावला तर तुमच्या बाजूने वकील उभा राहत नाही. लीझची अट मात्र पूर्ण होते, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की आपला विमा झाला. ऑफिसला ईमेलवर दोनच गोष्टी विचारा: या प्लॅनमध्ये माझ्या सामानाला किती रकमेचं संरक्षण आहे, आणि विमाधारक म्हणून नाव कोणाचं लागतं? दुसऱ्याचं उत्तर ‘मालकाचं’ असं आलं, तर तो प्लॅन तुमच्यासाठी नाही.

त्याच फॉर्मवर कधीकधी डिपॉझिटऐवजी दरमहा छोटी फी असाही पर्याय असतो. तो विमा नव्हे. ती फी परत मिळत नाही, आणि घर सोडताना कार्पेट किंवा भिंतींचं नुकसान निघालं तर ते पैसे तुमच्याकडूनच वसूल होतात.

आता तुमची स्वतःची पॉलिसी. ती बहुधा एचओ-४ या नमुन्यावर असेल. डिक्लरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या सारांशाच्या पानावर, तिचे भाग अक्षरांनी दिलेले असतात. सी म्हणजे तुमचं सामान. डी म्हणजे घर राहण्याजोगं नसताना बाहेर राहण्याचा जादा खर्च. ई म्हणजे लायबिलिटी, आणि एफ म्हणजे पाहुण्याच्या किरकोळ उपचारांचा खर्च. ए आणि बी इमारतीचे असतात; ती इमारत तुमची नाही, त्यामुळे त्यांची रक्कम तुमच्या पानावर नसते.

११ आणि २३ मधला फरक बहुतेक तीन जागी सापडेल.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे सामानाची किंमत कशी धरली आहे. स्वस्त पॉलिसीत ‘अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’ असते, म्हणजे घसारा वजा करून. समजा आज नवा १,२०० डॉलरला मिळतो तसा सोफा सहा वर्षं वापरलाय आणि सोफ्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं, तर त्याची आजची किंमत ४८० होते. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा पहिला भाग, ५०० असेल तर हातात शून्य. ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ असेल, म्हणजे नव्या वस्तूची किंमत धरली असेल, तर ७०० मिळतात. मात्र ते एकदम हातात येत नाहीत. कंपनी आधी घसारा वजा करून पैसे देते आणि उरलेले नवी वस्तू घेतल्याची पावती दाखवल्यावर देते. प्रचलित नमुन्यात हा उरलेला भाग मागणार असल्याचं नुकसानीच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. पावती उशिरा आली तर समजुतीने मार्ग निघू शकतो, पण न कळवता सहा महिने उलटले तर हक्क सांगणं अवघड होतं. कपडे, गाद्या, इलेक्ट्रॉनिक्स यांची किंमत झपाट्याने उतरते, म्हणून महिन्याला चार-पाच डॉलर जास्त गेले तरी रिप्लेसमेंट कॉस्टच घ्या. या बाबतीत मी ठाम आहे.

दुसरी जागा डिडक्टिबल. ५०० आणि १,००० मधला हप्त्याचा फरक बहुतेक वेळा महिन्याला एक-दोन डॉलरच असतो. भाडेकरूचे क्लेम मुळात दोन-चार हजारांचे असतात, तिथे १,००० ची कात्री जाणवते.

तिसरी जागा सीची रक्कम. ऑनलाइन फॉर्म आपोआप १०,००० किंवा १५,००० भरून ठेवतो. दोन माणसांचं घर त्यात बसत नाही. लोक टीव्ही-लॅपटॉप मोजतात आणि कपाट विसरतात. हिवाळी जॅकेट, बूट, ऑफिसचे कपडे, साड्या, गाद्या, चादरी, मिक्सर, कुकर, सगळी भांडी: हे सगळं उद्या एका दिवसात नवीन विकत घ्यायचं म्हटलं तर किती लागतील, तो आकडा लिहायचा. सोनं धरू नका, त्याचा हिशेब वेगळा आहे. टू बेडरूमला २५,००० ते ३०,००० पर्यंत सहज जातो.

एचओ-४ ही ठरावीक कारणांची पॉलिसी आहे, हेही ध्यानात असू द्या. आग, धूर, चोरी, वादळ, स्फोट, पाइप फुटून आलेलं पाणी, स्प्रिंकलरचं पाणी, पाइप गोठणं अशा १६ कारणांची यादी असते. त्यातल्या कारणाने नुकसान झालं तरच सीमधून पैसे मिळतात. हातातून लॅपटॉप पडला, ढेकूण झाले, उंदराने कार्पेट कुरतडलं, हे यादीत नाही.

डी विषयी एकच गोष्ट, कारण तिथे हमखास गैरसमज होतो. सगळा खर्च मिळत नाही, नेहमीपेक्षा *जादा* झालेला मिळतो. घरी महिन्याचा किराणा ६०० चा होता आणि स्वयंपाकघर नसलेल्या हॉटेलात राहिल्यामुळे जेवणावर १,५०० गेले, तर ९०० मिळतात. म्हणून आधीच्या दोन-तीन महिन्यांची किराण्याची कार्ड स्टेटमेंट हाताशी लागतात. बऱ्याच पॉलिसींत डीची मर्यादा सीच्या ३० टक्के असते, म्हणजे सी १०,००० ठेवलं तर हॉटेलसाठी फक्त ३,०००. सी कमी ठेवण्याचा हा दुसरा तोटा.

कारचा विमा ज्या कंपनीकडे आहे तिथेही कोट काढा. दोन्ही एकत्र घेतल्याची सवलत कारच्या हप्त्यावर मिळते आणि बरेचदा रेंटर्सचा बराचसा खर्च तिथेच निघतो.

---

तोळा_ग्रॅम

सोन्याचं सविस्तर लिहितो. मराठी घरांचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते क्लेमच्या दिवशी कळतं.

पॉलिसीत ‘स्पेशल लिमिट्स’ नावाचा भाग असतो. सी कितीही मोठं असलं तरी काही वस्तूंना त्याच्या आत वेगळी मर्यादा असते. वर्षानुवर्षं चालत आलेल्या नमुन्यातले आकडे असे आहेत; काही कंपन्यांनी ते वाढवले आहेत, म्हणून तुमच्या पॉलिसीतलं ते पान उघडून ताडून बघा.

दागिने आणि घड्याळं *चोरीला* गेली तर सगळी मिळून १,५०० डॉलर. एका दागिन्याला नव्हे, सगळ्यांना मिळून. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, अंगठ्या असे १८,००० डॉलरचे दागिने गेले तरी १,५००, आणि डिडक्टिबलचा हिशेब त्यातच. ही मर्यादा चोरीपुरती आहे. तेच दागिने आगीत गेले तर ती लागू नाही, सीच्या पूर्ण रकमेत ते मोजले जातात.

चांदीची भांडी, म्हणजे ताट-वाटी, तांब्या, निरांजन, समई, चोरीला गेली तर २,५०० पर्यंत. देवांच्या चांदीच्या मूर्ती भांड्यांत धरायच्या की नाही यावर अ‍ॅडजस्टर (क्लेम तपासणारा कंपनीचा माणूस) अडून बसू शकतो, म्हणून त्यांचे वेगळे फोटो आणि बिल ठेवा.

आता सगळ्यात दुर्लक्षित ओळ. रोख रक्कम, नाणी, बुलियन (सोन्या-चांदीच्या लगडी) आणि दागिना किंवा भांडं नसलेलं सोनं-चांदी, सगळं मिळून २०० डॉलर. दसऱ्याला, पाडव्याला घेतलेली वेढणी, सोन्याची नाणी, लक्ष्मीपूजनाचे चांदीचे शिक्के, सगळं या ओळीत जातं. आणि ही मर्यादा चोरीपुरती नाही. आगीत वितळलं तरी २००. दहा ग्रॅमचं एक नाणं हजार डॉलरच्या बऱ्याच वर जातं, हे लक्षात घेतलं की या ओळीचं गांभीर्य कळेल.

उपाय म्हणजे दागिने ‘शेड्यूल’ करणं. प्रत्येक दागिन्याची वेगळी ओळ, वर्णन आणि किंमत पॉलिसीला जोडली जाते. खर्च साधारणपणे किमतीच्या १ ते २ टक्के दरवर्षी, म्हणजे १०,००० च्या दागिन्यांना १०० ते २००. फायदे तीन. १,५०० ची मर्यादा उठते. डिडक्टिबल बहुतेक नसतं. आणि दागिना *हरवला* तरी मिळतो. साध्या पॉलिसीत चोरी झाल्याचं दिसावं लागतं. समुद्रावर अंगठी निसटली किंवा कुठे पडली ते आठवत नाही, तर साधी पॉलिसी काही देत नाही.

शेड्यूल करायला कंपनी बिल किंवा अप्रेझल (तज्ज्ञाने केलेलं लेखी मूल्यांकन) मागते. भारतातलं बिल चालतं, पण त्यावर निव्वळ वजन, कॅरट, खड्यांचं वजन वेगळं आणि घडणावळ वेगळी लिहिलेली हवी. नुसतं ‘गळ्यातलं, एकूण रक्कम’ अशा बिलाचा उपयोग नाही. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. त्याचा फोनने जवळून फोटो काढून ठेवा. आजीचे, आईचे, बिल नसलेले दागिने असतील तर इथल्या सर्टिफाइड जेमॉलॉजिस्टकडून अप्रेझल करा. तिथे अडचण अशी की इथला दुकानदार १४ आणि १८ कॅरटच्या सवयीने बघतो. २२ कॅरट आहे हे आधी सांगा आणि चाचणी करून अप्रेझलवर लिहून घ्या. सोन्याचा भाव चढला की दोन-तीन वर्षांनी रक्कम वाढवून घ्यायची.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या वस्तूंना एफडीआयसीचं, म्हणजे बँकेतल्या ठेवींच्या सरकारी विम्याचं, संरक्षण नाही. ते फक्त खात्यातल्या पैशांना असतं. पण शेड्यूल केलेले दागिने कायम लॉकरमध्ये असतील तर काही कंपन्या कमी दर लावतात. घालायला काढताना त्यांना कळवावं लागतं.

---

दुसरा_मजला

‘आम्ही दोघंच, सामान थोडं, आम्हाला काय गरज’ असं म्हणणाऱ्यांसाठी लायबिलिटी हा खरा मुद्दा आहे. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं पहिलं कारण स्वयंपाक, आणि आपल्याकडे तळण रोजचं.

काय होतं ते नीट समजून घ्या. इलेक्ट्रिक कॉइलच्या शेगडीवर तेलाची कढई ठेवून माणूस फोनवर जातो. तेल पेट घेतं. कोणी तरी पाणी ओततं आणि भडका छतापर्यंत जातो. (पाणी कधीच नाही. बटण बंद, वर झाकण, कढई हलवायची नाही.) स्प्रिंकलर धुराने उघडत नाही, उष्णतेने उघडतो. त्यातली काचेची लाल नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि त्या एका तोंडातून मिनिटाला ५०-६० लिटर पाणी सुरू होतं. अग्निशामक दल व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत खालच्या दोन घरांची ड्रायवॉल, फ्लोअरिंग, सामान भिजलेलं असतं. आगीचं नुकसान एका ओट्याचं, पाण्याचं तीन घरांचं.

मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग तीच रक्कम तुमच्याकडून मागायला येते. याला सब्रोगेशन म्हणतात. पत्र चार-सहा महिन्यांनी येतं, तोवर लोक प्रकरण मिटलं असं समजून बसलेले असतात. त्या पत्राला स्वतः उत्तर देऊ नका. त्याच दिवशी आपल्या विमा कंपनीला पाठवा. ई भागात वकिलाचा खर्चही येतो. निष्काळजीपणा असला तरी पॉलिसी उभी राहते, लायबिलिटी त्यासाठीच असते. मुद्दाम केलेलं नुकसान मात्र येत नाही.

तीन घरांचं काम म्हटलं की १ लाख पुरेलच असं नाही. १ लाखावरून ३ लाखांवर जायला वर्षाला बहुतेक १५ ते ३० डॉलर लागतात. लीझमधला आकडा मालकाने त्याच्या सोयीने लिहिलाय, तुमच्या गरजेने नाही.

आता एक बारीक कलम. नेहमीच्या नमुन्यात, तुम्ही *भाड्याने घेतलेल्या* जागेचं नुकसान लायबिलिटीतून वगळलेलं असतं. अपवाद फक्त आग, धूर आणि स्फोट. म्हणजे बाथटब भरायला ठेवून विसरलात आणि पाणी वाहिलं, तर खालच्या शेजाऱ्याचं सामान ई मधून भरून निघेल, पण तुमच्याच घरातलं फुगलेलं फ्लोअरिंग कदाचित निघणार नाही. काही कंपन्या पाण्याचं नुकसानही त्या अपवादात घालतात. कोट घेताना चॅटवर सरळ विचारा: माझ्या हातून पाणी सांडून माझ्याच युनिटचं नुकसान झालं तर लायबिलिटी लागू आहे का? उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पॉलिसी आल्यावर ते कलम ताडून बघा. ११ आणि २३ मधला काही फरक इथेही असू शकतो.

ई-बाइक किंवा ई-स्कूटर घेणार असाल तर त्याबद्दलही वेगळं विचारा. कित्येक पॉलिसी तिला मोटार वाहन धरून बाहेर ठेवतात आणि बॅटरीची आग हा तर गंभीर धोका आहे.

---

नवं_बिऱ्हाड

मनापासून आभार. ऑफिसचा प्लॅन रद्द. वेढणी आमच्याकडे आहेत आणि ती २०० मध्ये जातात हे कळून धक्काच बसला. आई-बाबा आणि डिसेंबरबद्दल कोणी सांगेल का? आणि एका ऑफिसमित्राने सुचवलंय की रूममेट असतील तर सगळ्यांत मिळून एक पॉलिसी घ्यावी. त्याच्या घरी तिघं आहेत. ते बरोबर आहे का?

---

कलमवाचक

रूममेटचं आधी. विमाधारक म्हणजे पॉलिसीवर नाव असलेला, त्याच्या घरात राहणारा जोडीदार आणि घरात राहणारे नातेवाईक. रूममेट नातेवाईक नाही, म्हणून नाव नसेल तर त्याच्या सामानाला काहीही नाही. तिघांची नावं घालता येतात, पण मग एकाच्या क्लेमची नोंद तिघांच्या नावावर लागते. क्लेमचा इतिहास क्लू नावाच्या अहवालात सात वर्षं राहतो आणि पुढे घर घेताना तो बघितला जातो. शिवाय चेक तिघांच्या नावे निघाला आणि एक जण टेक्सासला गेला की तो वटवणं ही वेगळीच कटकट. महिना १२-१५ डॉलरसाठी हे नको. ज्याची त्याची वेगळी घ्या.

त्याच कारणाने ४०० डॉलरच्या नुकसानीचे क्लेम लावू नका. डिडक्टिबल जाऊन काही उरत नाही आणि नोंद मात्र राहते.

आई-बाबांबद्दल. त्यांच्या सामानाची फार काळजी नको: पाहुण्याच्या वस्तू तुमच्या घरात असताना जळाल्या किंवा चोरीला गेल्या, तर तुम्ही विनंती केल्यावर सीमधून देता येतात. पण त्यांच्या *उपचारांसाठी* ही पॉलिसी नाही. एफ भाग जेवायला आलेल्या मित्रासाठी आहे. तो जिन्यात पडला तर १,००० ते ५,००० पर्यंतचा खर्च चूक कोणाची हे न बघता मिळतो. घरात नियमित राहणाऱ्याला एफ लागू नाही. सहा महिने राहणारे आई-वडील पाहुणे की घरातले, हा वाद तयारच असतो, आणि घरातले ठरले तर ते स्वतः विमाधारक होतात. मग तुमच्याविरुद्ध लायबिलिटीही लागू होत नाही. बाबा बाथरूममध्ये घसरले तर उपयोगी पडणारी गोष्ट एकच, व्हिजिटर मेडिकल इन्शुरन्स. तो वेगळा घ्यायचाच. विमा कंपनीला त्यांच्या मुक्कामाच्या तारखा ईमेलने कळवा आणि नाव घालावं लागेल का ते लेखी विचारा. लीझमधलं पाहुण्यांचं कलमही बघा. बऱ्याच लीझमध्ये १४ दिवसांपुढे राहणाऱ्यासाठी ऑफिसची लेखी परवानगी लागते.

डिसेंबर. पाच आठवडे घर बंद राहिल्याने पॉलिसी बंद पडत नाही. सामान जागेवर आहे म्हणजे घर रिकामं नाही, फक्त माणसं नाहीत. पण पाइप गोठून फुटले तर कंपनी पहिला प्रश्न विचारते: हीट चालू ठेवली होती का? बिल वाचवायला हीट पूर्ण बंद करून गेलात तर तो क्लेम नाकारला जाऊ शकतो. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, वॉशिंग मशीनचे दोन्ही नळ बंद करा. निघताना थर्मोस्टॅटच्या आकड्याचा फोटो काढा. आणि त्या पाच आठवड्यांसाठी घर कोणाला भाड्याने देऊ नका. दुसऱ्याला भाड्याने दिलेल्या भागातून झालेली चोरी नमुन्यातच वगळलेली आहे. लीझ मोडण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच.

बरोबर नेलेल्या सामानाला जगभर संरक्षण असतं. मुंबई-पुणे प्रवासात लॅपटॉपची बॅग गेली तर तिथल्या पोलीस तक्रारीची प्रत घेऊन या. मराठीत असली तरी चालते, भाषांतर जोडायचं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी ऑफिसला कळवा, तो तुमच्या मालकीचा नाही आणि कामाच्या वस्तूंना घराबाहेर मर्यादाही कमी असते.

---

सॅन_होजेकर

पूर आणि भूकंप राहिले. दोन्ही साध्या पॉलिसीत नाहीत.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कवर कोसळला, तेव्हा तळमजले आणि बेसमेंट भरले. बाहेरून आलेलं पाणी म्हणजे पूर, आणि पूर एचओ-४ मध्ये वगळलेला. सरकारी पूरविमा योजनेत, म्हणजे एनएफआयपीत, भाडेकरूला फक्त सामानाचा विमा १ लाख डॉलरपर्यंत घेता येतो. पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात, म्हणून वादळाची बातमी ऐकून घेण्यात अर्थ नाही. आणि बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे नक्की वाचा: एनएफआयपी बेसमेंटमधल्या वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्या वस्तू सोडून बाकी सामानाला काहीच देत नाही. पलंग, कपडे, पुस्तकं, काही नाही. तिथे खासगी पूरविम्याचे कोट काढावे लागतात. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, तुम्हाला त्याची गरज कमी. मात्र गटाराचं पाणी उलटं येण्याचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं, आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूने ते जरूर जोडावं.

कॅलिफोर्नियात भाडेकरूंसाठी कॅलिफोर्निया अर्थक्वेक अथॉरिटीची पॉलिसी मिळते, तुमचा रेंटर्स इन्शुरन्स त्यांच्या सदस्य कंपनीकडे असेल तर. म्हणून इथे रेंटर्सची कंपनी निवडतानाच ती सदस्य आहे का ते बघतात. त्यातला बाहेर राहण्याच्या खर्चाचा भाग सामानाइतकाच महत्त्वाचा, कारण भूकंपानंतर इमारतीवर लाल पाटी लागली की सामान शाबूत असूनही घरात जाता येत नाही.

---

कोथरूड_ते_क्लीव्हलंड

कोणी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटसाठी हा धागा वाचत असेल तर थोडक्यात: तिथे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना विकावी लागते. भाडेकरूला ती फक्त घरातल्या सामानासाठी घेता येते. तिच्यात आग, पूर, भूकंप सगळे आहेत, म्हणजे इथल्यापेक्षा त्या बाबतीत ती उदार आहे. पण चोरी फक्त अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तरच धरली जाते. एरवीची घरफोडी हवी असेल तर बर्गलरीचं संरक्षण वेगळं घ्यायचं. दागिन्यांसाठीही वेगळा पर्याय निवडावा लागतो.

---

दुसरा_मजला

क्लेम करायची वेळ आली तर काय करायचं तेही इथेच असू दे. चोरी असेल तर आधी पोलीस रिपोर्ट, त्याचा नंबर, मग कंपनीचं अ‍ॅप. पाणी किंवा आग असेल तर आधी फोटो, मग नुकसान वाढू नये एवढीच हालचाल: नळ बंद करणं, कोरडं सामान हलवणं. भिजलेल्या गाद्या आणि जळके कपडे अ‍ॅडजस्टरने बघेपर्यंत किंवा लेखी ‘टाका’ म्हणेपर्यंत डम्पस्टरमध्ये टाकू नका. मेंटेनन्सवाले घाईने सगळं उचलून नेतात, त्यांना थांबवा. कंपनीने ‘प्रूफ ऑफ लॉस’ (नुकसानीचं सही केलेलं निवेदन) मागितला तर त्याला बहुतेक ६० दिवसांची मुदत असते, तारीख लिहून ठेवा.

यादी आधीच तयार हवी. सामान लावून झालं की फोनवर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. प्रत्येक कपाट आणि ड्रॉवर उघडायचा, मॉडेल नंबर मोठ्याने वाचायचे, साड्या एकेक उलगडायच्या नाहीत पण पैठणी-कांजीवरम वेगळ्या दाखवायच्या आणि किंमत बोलायची. व्हिडिओ क्लाउडवर ठेवा, त्याच घरातल्या लॅपटॉपवर नको. फार जुन्या, आज तशीच मिळणार नाही अशा वस्तूंना रिप्लेसमेंट कॉस्ट लागू नसते, म्हणून आजीच्या पैठणीसारखी गोष्ट हवी तर शेड्यूल करता येते का ते विचारा.

---

नवं_बिऱ्हाड

शेवटचं एक. ऑफिसने ईमेलमध्ये लिहिलंय की आमच्या कंपनीला ‘अ‍ॅडिशनल इंटरेस्ट’ म्हणून जोडा. कोटच्या पानावर ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’ असाही पर्याय दिसतो. कोणता निवडू?

---

कलमवाचक

ईमेलमध्ये आहे तोच, ‘अ‍ॅडिशनल इंटरेस्ट’. त्याचा अर्थ एवढाच की पॉलिसी रद्द झाली किंवा बदलली तर त्यांना सूचना जाते. ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’ केलंत तर ते तुमच्या संरक्षणात वाटेकरी होतात. त्याची गरज नाही आणि लीझने ते मागितलेलं नाही.

नाव आणि पत्ता त्यांनी लिहिलाय तसाच, अक्षरन् अक्षर टाका. पुरावा तपासायचं काम बरेचदा वेगळ्या पोर्टलवर होतं आणि कंपनीच्या नावापुढचं ‘एलएलसी’ राहिलं किंवा युनिट नंबर चुकला तरी ते पान नाकारलं जातं. मग महिना अखेरीला तेच १४ डॉलर भाड्यात लागलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडून ‘मंजूर’ दिसतंय का ते बघा.

आणि सुरुवातीची तारीख. लीझ १ तारखेची असली तरी चावी आदल्या दिवशी मिळणार असेल आणि सामानाचा ट्रक तेव्हाच येणार असेल, तर पॉलिसी आदल्या दिवसाची घ्या. ती त्या तारखेला रात्री १२:०१ ला लागू होते.